मुलांच्या हातात मुंबईचा नकाशा

सुट्ट्या लागल्या की सांगली-कोल्हापूरकडून, विदर्भातून, खानदेशातून कितीतरी कुटुंबं दोन-तीन दिवसांसाठी मुंबईला येतात. बरोबर सातवी-आठवीतली मुलं असतात. निघण्याआधी घरातली मोठी माणसं यादी करतात: गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, जुहू, जमलं तर फिल्मसिटी. मुलांना यादी तयार झाल्यावर कळते. मग दोन दिवस टॅक्सीतून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा टॅक्सीत बसायचं. घरी परतल्यावर मुलाला विचारलं, की गेटवेपासून चर्चगेट कुठल्या बाजूला, तर त्याला सांगता येत नाही. तो मुंबईत होता, पण मुंबईतून चालला नाही.

बारा ते चौदा हे वय फार थोडा काळ टिकतं. त्याआधी मूल आपला हात धरून चालतं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याला मित्रांबरोबर जायचं असतं. मधल्या काळात ते आपल्याबरोबर आनंदाने येतं आणि अनोळखी रस्ता स्वतः वाचायलाही उत्सुक असतं. म्हणून या वयातल्या मुलांची सहल त्यांच्यासमोर आखावी, आणि निदान निम्मी त्यांनाच आखू द्यावी, असं मला मनापासून वाटतं. नकाशा जेवणाच्या ताटांशेजारी पसरावा. कुठे उतरणार, पहिल्या दिवशी कुठल्या भागात राहणार, कोणतं ठिकाण कोणत्या वारी बंद असतं, हे शोधायचं काम त्यांच्याकडे द्यावं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, ही गोष्ट मुलीने स्वतः शोधून काढली आणि तिच्यामुळे घराचा सोमवार फुकट गेला नाही, तर त्या सहलीत तिचा वाटा पक्का झाला.

एका दिवसाला एकच भाग, हा नियम कटाक्षाने पाळावा असं मी सांगेन. मुंबई उत्तर-दक्षिण लांब पसरलेली आहे, आणि सकाळी जुहू, दुपारी भायखळा, संध्याकाळी गेटवे असं केलं की दिवस रस्त्यावरच संपतो. त्यापेक्षा बोरीबंदरपासून पायी निघावं. तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचली. 1878 साली काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, आणि 2004 साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. हे आकडे सांगून झाले की मुलांना पाच मिनिटं नुसतं वर बघायला लावावं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे आणि एकीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर दगडात कोरलेली माकडं, मोर, पानं, चेहरे शोधायला मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. याच बोरीबंदरहून 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली.

तिथून हुतात्मा चौक पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आठवीच्या इतिहासात महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा धडा मुलांनी वाचलेला असतो किंवा लवकरच वाचायचा असतो. 21 नोव्हेंबर 1955 रोजी इथे गोळीबार झाला, त्यात राज्याची मागणी करणारे आंदोलक मारले गेले, आणि त्या लढ्यानंतर 1 मे 1960 रोजी हे राज्य मुंबईसह उभं राहिलं. पुस्तकात हा मजकूर दोन ओळींत संपतो. चौकात उभं राहिल्यावर मुलं विचारतात, माणसं कुठून आली, पोलीस कुठे होते, पळायला जागा कुठे होती. या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवलेला असला पाहिजे. यादीत पुढची सहा ठिकाणं असतील तर आपण ‘चला चला’ म्हणतो, आणि प्रश्न तिथेच राहतो.

पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, आणि त्यासमोर ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध मुलांना उभं करून एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला तोंड करायला सांगावं. पूर्वेला एकोणिसाव्या शतकातल्या टोकदार कमानींच्या, उंच मनोऱ्यांच्या दगडी इमारती. पश्चिमेला 1930 च्या आसपासच्या, गोलसर गच्च्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती. मधे फक्त क्रिकेट चालू असलेलं मैदान. 2018 साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं. काही दशकांत शहराची आवड कशी बदलली, हे इतक्या कमी चालून कळेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बसलं की दिवस संपला. एकूण चालणं अडीच-तीन किलोमीटरचं.

मधे चर्चगेटजवळ सकाळी साडेअकराच्या सुमारास पोहोचलात तर डबेवाले डबे वेगळे लावताना दिसतील. डब्यावरच्या खुणा वाचून कुठला डबा कुठल्या इमारतीत जाणार हे ते ठरवतात. मुलांना थोडं लांब उभं राहून बघू द्यावं. काम करणाऱ्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही, हेही तिथेच सांगावं.

लोकलने प्रवास केल्याशिवाय मुंबई पाहिली असं मी म्हणणार नाही. पण त्याची आखणी नीट हवी. सकाळी गर्दी दक्षिणेकडे येते, संध्याकाळी उत्तरेकडे जाते. पाहुण्यांनी अकरा ते चारच्या दरम्यान चढावं. रविवारी गर्दी कमी असते, पण रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी बघून ठेवावा. इंडिकेटर वाचायला मुलांनाच सांगावं: गाडी कुठे जाणारी, स्लो की फास्ट, किती डब्यांची, कोणत्या फलाटावर. आणखी एक गोष्ट घरूनच ठरवायला हवी. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर बायकांच्या डब्यात बसू शकतो, त्यानंतर नाही. म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी घेऊन आई एकटी निघाली असेल, तर कोण कुठल्या डब्यात बसणार हा प्रश्न फलाटावर गाडी आल्यावर सोडवता येत नाही. तिकिटाचंही तसंच, बारा पूर्ण झाले की अर्धं तिकीट संपलं.

चुकामूक होईल ही भीती प्रत्येक आईबापाला असते, आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय मुलांना घट्ट धरून ठेवण्याचा नाही. नियम आधी ठरवावा: फलाटावर मागे राहिलास तर जागा सोडायची नाही, आम्ही पुढच्या स्टेशनवरून परत येऊ, तू एकटाच गाडीत चढलास तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. आईबाबांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण फोनची बॅटरी संपते. हे दोनदा बोलून घेतलं की मूलही निर्धास्त होतं.

दुसऱ्या दिवसाचं ठिकाण मुलांनी निवडावं. घारापुरी निवडलं तर गेटवेवरून लाँचने साधारण तास लागतो, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. अर्ध्याहून जास्त दिवस त्यालाच द्यावा लागतो. शिवाची तीन मुखांची भव्य मूर्ती पाहिल्यावर कुणालाही तो वेळ जास्त वाटणार नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात आहे. हे कळल्यावर काही मुलं तिसऱ्या दिवशी भायखळ्याचा हट्ट धरतील, आणि तो हट्ट जरूर पुरवावा.

काही मुलं यातलं काहीच निवडणार नाहीत. त्यांना वानखेडेच्या बाहेर उभं राहायचं असेल, फॅशन स्ट्रीटवर टी-शर्ट घ्यायचा असेल, वांद्र्याला एखाद्या नटाच्या बंगल्यासमोर फोटो काढायचा असेल. याला नाक मुरडू नये. त्यांची ही इच्छा शेवटच्या दिवशी उरलेल्या अर्ध्या तासात ढकलण्यापेक्षा पहिल्या दुपारी पूर्ण करावी. आपलं म्हणणं ऐकलं गेलं हे कळलं की मूल दुसऱ्या दिवशी लेण्यातही मन लावून उभं राहतं. प्रत्येकाला खर्चासाठी ठरावीक पैसे द्यावेत, तीनशे म्हणजे तीनशे, आणि त्यातून वडापाव घ्यायचा की टोपी हे त्यालाच ठरवू द्यावं.

झोपेचं तेवढं सांगायला हवं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नव्हे. रात्रभर गाडीत बसून सकाळी सातला उतरलेल्या मुलांना आठला बाहेर काढलं, तर दुपारी बाराला घरातली सगळीच माणसं एकमेकांवर चिडलेली असतात. पहिल्या सकाळी आंघोळ, भरपेट नाश्ता, दोन तास विश्रांती, आणि मग बोरीबंदर.

येत्या सुट्टीत जाणार असाल तर तिकिटं काढण्याआधी एक संध्याकाळ मुलांबरोबर बसा. यादी करू नका. नकाशा त्यांच्याकडे द्या, आपल्याकडे किती दिवस आणि किती पैसे आहेत तेवढं सांगा, आणि पहिला दिवस त्यांना आखायला लावा.