परतीची बाटली

सर जमशेटजी जीजीभाई हे नाव मुंबईकराच्या तोंडी रोज असतं, पण ते रुग्णालयामुळे किंवा कलाशाळेमुळे. अफू आणि कापसाच्या चीनशी चाललेल्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा केला, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याआधीचं प्रकरण मात्र सहसा कोणी सांगत नाही. आईवडील गेल्यावर हा मुलगा नवसारीहून मुंबईत मामांकडे आला. मामांचं नाव फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला. आडनावातच धंदा होता. साहेब लोक दारू-बिअर पिऊन ज्या बाटल्या रिकाम्या करत, त्या विकत घ्यायच्या आणि पुन्हा विकायच्या. तरुण जमशेटजी याच धंद्यात तयार झाले.

रिकाम्या बाटलीला भाव होता, कारण तशी बाटली इथे होत नव्हती. ती जहाजातून, भरलेली यायची. आतला माल संपला तरी काच उरायची, आणि एखाद्या औषधवाल्याला, अत्तरवाल्याला, तेलवाल्याला ती हवी असायची. पुढची दीडशे वर्षं या देशातला पेयांचा धंदा याच साध्या हिशेबावर चालला. आत काय आहे यापेक्षा बाटली परत येते की नाही, हा त्यातला खरा प्रश्न होता. गोटी सोड्यापासून थम्स अपपर्यंतचा इतिहास याच बाजूने पाहिला तर नीट उलगडतो.

जमशेटजींचा जन्म 1783चा. त्याच वर्षी जिनिव्हात जेकब श्वेप या मूळच्या जर्मन घड्याळजीने फसफसणारं पाणी विकायला काढलं. कल्पना त्याची नव्हती. इंग्लंडात लीड्सला जोसेफ प्रिस्टली यांच्या घराशेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपावर जड हवेचा थर तरंगतो, हे त्यांनी पाहिलं आणि 1767मध्ये ती हवा पाण्यात उतरवून दाखवली. पाच वर्षांनी कृतीची पुस्तिकाही छापली. पण ही पुस्तिका लिहून प्रिस्टली थांबले. कारखाना काढला तो श्वेपने, आणि 1792मध्ये तो लंडनला गेला. झऱ्याचं खनिजयुक्त पाणी औषधी असतं अशी युरोपात समजूत होती. तेच पाणी झऱ्यापर्यंत न जाता घरी मिळू लागलं.

अडचण होती ती बुचाची. बाटली उभी ठेवली की बूच सुकायचं, आकसायचं आणि गॅस निसटायचा. म्हणून अंड्यासारख्या, बूड नसलेल्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहूच शकत नसत; आडव्या पडून राहायच्या आणि बूच ओलं राहायचं. हायरम कॉड या इंग्रजाने 1870च्या सुमारास बूचच काढून टाकलं. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी रबराची चकती, आणि गोटी वर दाबून धरायला खुद्द आतलाच गॅस.

ही बाटली हातात घेऊन पाहावी इतकी सुंदर आहे. मान दोन ठिकाणी चिमटलेली असते. खालचा चिमटा गोटीला पोटात पडू देत नाही. वर एका बाजूला छोटी खाच असते. बाटली तिरकी केली की गोटी त्या खाचेत अडकते आणि धार मोकळी होते. भरताना बाटली यंत्राच्या चौकटीत उलटी बसवतात. पाणी आणि गॅस आत गेला की गोटी आपोआप तोंडाशी येऊन बसते, आणि बाहेर काढून सुलटी केली तरी दाबामुळे हलत नाही. पिणाऱ्याने लाकडी खुंटीने किंवा अंगठ्याने गोटी आत दाबायची. मग तो ओळखीचा फट्ट आवाज, आणि नाकाला झोंबणारी वाफ. बाटली धुऊन पुन्हा भरताना बदलावी लागली तर एखादी झिजलेली रबरी चकती. बाकी सगळं तेच.

म्हणूनच ती भारतात टिकली. 1892मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी कातरलेल्या कडेचा पत्र्याचा बिल्ला काढला आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांतून गोटी हळूहळू गेली. पण बिल्ला एकदाच वापरता येतो, तो बसवायला यंत्र लागतं, आणि बाटलीचं तोंड काटेकोर मापाचं लागतं. गोटीच्या बाटलीला यातलं काहीच नको. तालुक्याच्या गावी एखाद्याने एक हाती फिरवायचं यंत्र, गॅसची नळकांडी आणि दोनशे बाटल्या घेतल्या की त्याचा कारखाना सुरू. लिंबू, जिरं, आलं, नाहीतर नुसता सोडा. यात्रा, तमाशाचा फड, सिनेमाचं मध्यंतर, लग्नाची पंगत ही त्याची बाजारपेठ. दंगलीच्या बातम्यांत दगडांच्या जोडीने सोडावॉटरच्या बाटल्या यायच्या, इतक्या त्या गल्लोगल्ली होत्या. आणि फुटलेल्या बाटलीतली गोटी मिळावी म्हणून टपलेली पोरंही गल्लोगल्ली होती.

मोठ्या शहरांत हा धंदा पारशी आणि इराणी घराण्यांनी उभा केला. मुंबईत पालनजी 1865पासून, पुण्याच्या लष्कर भागात अर्देशीर 1884पासून. 1889मध्ये दिनशॉजी कुवरजी पांडोल यांनी मुंबईत ड्यूक्स सुरू केलं. पांडोल क्रिकेटपटू होते आणि इंग्लंडमधल्या प्रसिद्ध चेंडूच्या नावावरून त्यांनी कारखान्याचं नाव ठेवलं, असं सांगितलं जातं. पारशी लग्नाच्या पंगतीतलं लालभडक रास्पबेरी याच कारखान्यांचं.

त्याच काळात पुण्यात एक कप चहा किती महाग पडू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिलं. 1890मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्यांत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कप कोणाचा, भरला कोणी, ओठ कोणाचे लागले, हे प्रश्न पेयापेक्षा मोठे होते.

अशा समाजात परतीची बाटली शिरली, ही लहान गोष्ट नाही. ज्या बाटलीला सकाळी एकाचं तोंड लागलं, तीच धुऊन, भरून, आठवड्याने तिसऱ्याच माणसाच्या तोंडाला लागायची, आणि ती आधी कोणाच्या हाती होती हे कोणी विचारत नव्हतं. यामुळे जात गेली असं कोणी म्हणू नये. चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवायची चाल त्यानंतर कितीतरी दशकं चालू राहिली. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी 1927मध्ये डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पाणवठ्यावर जे मिळत नव्हतं ते बाजारात पैसे मोजून मिळत होतं, एवढंच. पण तेवढं मिळत होतं, याची नोंद व्हायला हवी.

बाटलीसाठी परदेशाकडे पाहावं लागतं, ही खंत स्वदेशीच्या काळातल्या लोकांना होती. माणशी एक पैसा जमवून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला आणि 1908मध्ये त्यातून तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. ओगले बंधूंचा कारखाना पुढे कराडजवळ उभा राहिला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने घराघरांत उजेड दिला. काच वितळवायला शिकणं ही तेव्हा देशसेवा होती.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्याच्या बाटलीचं युग आलं. कोका-कोला 1950मध्ये आली. विलेपार्ल्याच्या पार्लेने गोल्ड स्पॉट आणलं. 1977मध्ये जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन कायद्यावर बोट ठेवलं: परदेशी हिस्सा 40 टक्क्यांवर आणा. कोका-कोलाने देश सोडला. सरकारने म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेकडून कृती घेऊन ‘77’ नावाचं पेय काढलं. ते चाललं नाही. त्याच वर्षी आलेलं पार्लेच्या रमेश चौहान यांचं थम्स अप मात्र असं चाललं की आजही त्याची तिखट चव लोक दुसऱ्या कशात शोधत नाहीत.

चौहानांची खरी ताकद नुसत्या चवीत नव्हती. देशभर बाटल्या भरून देणारे साठेक स्थानिक कारखानदार त्यांच्याशी बांधलेले होते, आणि प्रत्येकाच्या अंगणात हजारो क्रेट होते. काचेची बाटली आतल्या पेयाहून जड असते. ट्रक भरलेला जातो तसा रिकाम्या बाटल्यांनी भरून परत यावा लागतो. त्यामुळे ठरावीक अंतरापलीकडे हा माल पाठवणं परवडत नाही. याच वजनाने अर्देशीर पुण्यात, सोस्यो हे पेय सुरतेत आणि तालुक्याचा गोटीवाला तालुक्यात सुरक्षित होता. दुकानदारही बाटलीला जपायचा. “इथेच पिऊन जा,” नाहीतर “डिपॉझिट ठेवा.” बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाशी पांढुरकं, खरखरीत कडं पडलेलं असायचं. शेजारच्या बाटल्यांशी घासून पडलेलं. जितकं रुंद कडं तितक्या जास्त फेऱ्या. कारखान्यात ती गरम कॉस्टिकच्या पाण्यातून जायची आणि दिव्यासमोरून सरकताना कामगाराचे डोळे आत काडी-किडा शोधायचे.

प्लास्टिकने हे सगळं बदललं, आणि त्याची सुरुवात ठाण्यात दिसते. 1965मध्ये वागळे इस्टेटमध्ये बिसलेरीचा कारखाना निघाला तेव्हा पाणी काचेच्या बाटलीत होतं आणि मोठ्या हॉटेलांपुरतं होतं. पाणी विकत कोण घेणार, असं तेव्हा सगळेच म्हणत. चौहानांनी 1969मध्ये तो व्यवसाय चार लाखांना घेतला. पुढे काच जाऊन पीव्हीसी आलं, मग पेट. पेटची बाटली नॅथानियल वायथ यांच्या नावावर 1973मध्ये अमेरिकेत नोंदली गेली होती. अर्ध्या लिटरची अशी बाटली जेमतेम दोन तोळ्यांची. ती फुटत नाही, पिशवीत मावते, आणि परत आणावी लागत नाही. एसटीने लांबच्या गावी निघालेल्या बाईला, इस्पितळात रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला ती खरोखर उपयोगी पडली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण काचेच्या वजनाने आखलेलं ते अंतरही काचेबरोबर गेलं. आता एका मोठ्या कारखान्यातून तीन जिल्हे सांभाळता येतात. कोका-कोला 1993मध्ये परतली आणि तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा अशी पेयं घेतली. पुढच्या वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. गोल्ड स्पॉट बाजारातून नाहीसं झालं. थम्स अप मारता आलं नाही. 2021मध्ये त्याची वर्षाची विक्री अब्ज डॉलरवर गेली. अलीकडे रिलायन्सने जुनं कॅम्पा विकत घेऊन 2023मध्ये पुन्हा आणलं, दहा रुपयांना, प्लास्टिकच्या बाटलीत. कोकणातल्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, चवीत ते कशालाही हार जाणार नाही. पण घरगुती आगळ करणारी बाई या वितरणाच्या शर्यतीत उतरू शकत नाही. तिचा पराभव चवीचा नाही, ट्रकचा आणि फ्रिजचा आहे.

पाण्याचा प्रश्न तर वेगळाच. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2003मध्ये बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त संसदीय समितीने पुढच्या वर्षी ते निष्कर्ष उचलून धरले. बाटलीतला नव्वद टक्के भाग पाणीच असतं, आणि ते कुठल्यातरी गावाच्या जमिनीतून येतं, हे त्या वेळी देशाच्या ध्यानात आलं.

रिकामी बाटली मात्र कोणाचीच राहिली नाही. जर्मनीने 2003पासून एकदा वापरायच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत लावली. तिथे सुपरमार्केटच्या दारात यंत्र बाटली घेतं आणि पैशाची पावती देतं. महाराष्ट्राने मार्च 2018च्या प्लास्टिकबंदीत पेटच्या बाटलीवर परतीची रक्कम छापण्याची तरतूद केली होती. ती दुकानांपर्यंत पोचली नाही. खरं तर ज्या राज्यात तीन पिढ्यांना ‘डिपॉझिट’ हा शब्द पाठ होता, तिथे ती पोचायला हवी होती. बाटली धुण्याचा, परत नेण्याचा खर्च कंपनीच्या वहीतून निघाला आणि नगरपालिकेच्या, नाल्याच्या, समुद्राच्या माथी बसला. कंपनीने तो पुन्हा आपल्या वहीत घ्यावा, ही मागणी न्याय्य आहे आणि जुनीही आहे. गोटीवाला ती निमूटपणे पाळत होता.

कोका-कोला परतली त्याच वर्षी, 1993मध्ये, पुण्यात कचरावेचकांची संघटना झाली. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात प्लास्टिक नाही. काच आहे, कारण तोवर भंगारात किंमत काचेला होती. उभारणीत बाबा आढाव होते, ज्यांनी त्याच्या दोन दशकं आधी ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्र पालथा घातला होता. संघटनेच्या बहुसंख्य सभासद दलित बायका.

आज त्या बायका वर्गीकरणाला बसतात तेव्हा पुढ्यात काच थोडी असते, पेट जास्त. एक बाई बाटली उचलते, झाकण पिळून काढते आणि एका पोत्यात टाकते, कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं आणि भावही वेगळा. मग नखाने लेबल सोलते. उरलेलं पाणी ओतून देते, बाटली पायाखाली दाबून चपटी करते. पारदर्शक एका बाजूला, रंगीत दुसऱ्या बाजूला. कोणत्याही कंपनीची असो, कोणतंही पेय त्यात असो, भंगाराच्या दुकानात काट्यावर चढताना त्या ढिगाला एकच नाव असतं: बिसलरी.