दैवाचा क्रमांक पाचवा

मृगाचा पाऊस सुरू झाला की परभणीकडे वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार-चार ओळींच्या बातम्या दिसू लागतात. पत्र्याच्या घराला बांधलेल्या तारेवर धुणे वाळत घालताना शॉक बसला. मे महिन्यात हाच शॉक कूलरमध्ये पाणी भरताना बसलेला असतो. मातीला आलेली माणसे ओसरीवर टेकतात आणि हळू आवाजात निर्वाळा देतात : वेळ भरली होती. देशात दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. एवढ्या सगळ्यांची वेळ नेमकी वायरिंगपाशीच का भरावी, हा प्रश्न वायरमनपुरता ठेवता येत नाही. तो धर्मविचाराचाही आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि पाचवे दैव. दैव तिथे नाकारलेले नाही. त्याला जागा दिली आहे, पण रांगेत शेवटची. ओसरीवरचा निर्वाळा मात्र आधीची चार कारणे न मोजताच थेट पाचव्यावर जाऊन बसतो. 

मोजणी साधनांपासून करावी. 9 वॉटचा एलईडी बल्ब 230 व्होल्टवर सुमारे 40 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही; 30 च्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. म्हणजे घरातला एक छोटा दिवा जेवढ्यावर लागतो, तेवढे माणसाला पुरेसे आहे. मीटरजवळचा 5 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 5000 मिलिअँपिअर. तो तार जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणूस त्याच्या हिशेबातच नाही.

माणसासाठी असते ती अर्थिंगची हिरवी तार. तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. ट्यूबलाइटच्या लोखंडी पट्टीला किंवा कूलरच्या पत्र्याला आतून फेज चिकटला, तरच ती कामाला येते : प्रवाह जमिनीत नेते, आणि तो पुरेसा मोठा असेल तर फ्यूज उडतो. सगळी मेख या 'पुरेसा'मध्ये आहे. अर्थिंगसाठी साधारण अडीच मीटरचा पाइप मीठ-कोळसा घालून जमिनीत पुरतात. परभणीची काळी जमीन ओली असताना प्रवाह चांगला वाहून नेते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि रोध वाढतो. समजा तो 50 ओहम झाला. मग 230 व्होल्टला प्रवाह 4.6 अँपिअर. 5 अँपिअरचा फ्यूज जागचा हलत नाही आणि कूलरचा पत्रा जिवंत राहतो.

याच घरात वायरमन फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये 100 वॉटचा बल्ब लावून बघतो. बल्ब झगझगीत लागतो, कारण त्याचा स्वतःचाच रोध 500 ओहमच्या वर असतो; त्यात 50 ची भर पडल्याने उजेडात फरक कळत नाही. 'अर्थिंग ओके' म्हणून तो निघून जातो. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, कारण अग्नीवाचून धूर नसतो. इथे खूण चांगल्या अर्थिंगलाही तीच, वाईटालाही तीच. असल्या हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात आणि हेत्वाभासात टाकतात. बटणाचेही तसेच. बटण न्यूट्रलवर बसवले असेल तर दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये फेज हजर असतो. बंद दिसणे आणि बंद असणे यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, टेस्टरला कळतो. वायरच्या आवरणाची परीक्षा मेगरने होते : 500 व्होल्ट दाब एक मिनिट द्यायचा, रोध किमान 1 मेगाओहम भरला पाहिजे.

आता कर्ता. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तिथल्या पार्श्वनाथाच्या मूर्तीला भाविक 'अंतरिक्ष' म्हणतात. जमिनीला न टेकण्याची मुभा मूर्तीला आहे, वायरिंगला नाही. पण नेमगिरी इथे आठवण्याचे कारण दुसरे आहे. जैनांतल्या दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या 'तत्त्वार्थसूत्रा'त उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवले आहे. द्वेष, शस्त्र, मारण्याची इच्छा यांतले काहीही नसले तरी हिंसा ठरते.

'वीस वर्षे असंच चाललंय, कुणाला काही झालं नाही,' असे घरमालक म्हणतो. अमृतचंद्रांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त त्याला उत्तर आहे : प्रमादाने वागणाऱ्याच्या हातून जीव मेला काय, न मेला काय, हिंसा घडलेलीच असते. उलट सावधपणे वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला, तरी तो हिंसक ठरत नाही. नीट तपासणी करूनही मनाला खाणाऱ्या वायरमनला हा दिलासा आहे. जागेवर न जाता टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्या ठेकेदाराला मात्र तो मिळत नाही.

कर्ता एकटाही नसतो. पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक उपलब्ध ठेवावे, अशी तरतूद विजेच्या नियमांत आहे. खोली भाड्याने देणारा, वायरिंग करणारा, सही देणारा आणि पुरवठा करणारा हे सगळे 'कर्ता' या एका शब्दात येतात. दोन पत्र्यांच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या वाट्याला उरते ती फक्त चेष्टा : ओले कापड तारेवर टाकणे. दैवाचे नाव घेतले की नेमकी हीच माणसे मोजणीतून सुटतात, आणि जिच्याकडून चूक झालेली नाही तिच्या नशिबावर सगळे येते.

त्यामुळे रोहिणी लागण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवावे. धुण्याची तार पत्र्यापासून सोडवून घ्यावी. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावी. तिच्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबावे, मात्र त्याने फक्त ती आरसीसीबी तपासली जाते, अर्थिंग नव्हे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. वायरमन 'ओके' म्हणाला तर त्याला आकडा विचारावा. हा आकडा तारेवर टाकायचा नव्हे, ओहमचा. तो तारखेसह बोर्डाच्या झाकणावर आतल्या बाजूला लिहून ठेवावा आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजून घ्यावा.