दोन तासांत कळणारे सत्य

सत्य जितके लवकर कळेल तितके बरे, ही गोष्ट आम्हा शिक्षकमंडळींना इतकी स्वयंसिद्ध वाटते की, तिची फोड करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वर्ध्यास पंचवीस वर्षे अध्यापन करताना मलाही ती कधी भासली नव्हती.

आर्वीकडील एका खेड्यातून आलेला माझा एक विद्यार्थी महिनाभर खोकत होता. तपासणीस जाण्याचे तो टाळी. अज्ञानात राहणे हा भ्याडपणा आहे, असे त्याला जरा चढ्या आवाजातच बजावून मी स्वतः त्याला इस्पितळात घेऊन गेलो. सकाळी थुंकी दिली. दुपारी निकाल हाती आला. क्षय.

इतक्या थोड्या अवधीत हे कसे कळले, याचे मला प्रथम नवलच वाटले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसावयास एका मिलीलिटर थुंकीत सुमारे १० हजार जंतू असावे लागतात, आणि प्रयोगशाळेत वाढवून पाहावा तर कित्येक आठवडे जातात. नवे यंत्र जंतूला शोधीतच नाही. ते त्याचे डीएनए, म्हणजे चार अक्षरांत लिहिलेले त्याचे कुलवृत्त, शोधते. आपल्याकडील समस्यापूर्तीचा खेळ वाचकांनी आठवावा. एक चरण पुढे टाकावयाचा. त्याला नेमका जुळणारा चरण ज्याच्यापाशी असेल त्यानेच तो पुरा करावयाचा. यंत्रातही क्षयजंतूच्या डीएनएला पूरक असा एक लहानसा धागा ठेवलेला असतो. थुंकीतील डीएनएच्या असंख्य प्रती आधी केल्या जातात. त्यांत जोडीदार भेटला की धाग्याला लावलेले रंगद्रव्य उजळते आणि तो प्रकाश यंत्र मोजते. मिलीलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतूही मग पुरतात. रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही त्याच वेळी समजते. अशा यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिली. गोव्याच्या कंपनीचे, विजेरीवर चालणारे 'ट्रूनॅट' २०२० साली त्या पंक्तीत बसले. मनुष्यबुद्धीचा हा विजय पाहून कोणाचेही मस्तक आदराने लवेल.

औषध लगेच सुरू झाले. आणि मी, सद्धेतूनेच, त्याच्या घरमालकांच्या कानावर ही गोष्ट घातली. तिसऱ्या दिवशी मुलाची ट्रंक ओट्यावर होती. सत्र अर्धे टाकून तो गावी गेला.

सहा महिन्यांनी उपचार पुरे करून तो परतला. घरमालक म्हणाले, ज्या यंत्राने रोग सांगितला त्याच यंत्राचा 'रोग नाही' असा कागद आणा. मागणी मला रास्त वाटली. डॉक्टरांनी मात्र मान हलविली. मेलेल्या जंतूंचे डीएनए रोग बरा झाल्यावरही कित्येक महिने शरीरात राहू शकते, आणि यंत्राला मेलेला व जिवंत यांतील भेद कळत नाही; म्हणून बरे झाल्याचा निर्णय या तपासणीवरून करीतच नाहीत. ज्याने शिक्का मारला त्याला तो पुसता येत नव्हता!

'येथे या जंतूची खूण आहे' एवढेच यंत्राचे विधान. 'हा मनुष्य जवळ ठेवण्यास योग्य नाही' हे विधान घरमालकांचे. आणि त्याला निमित्त माझे. पहिले विधान दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करणे नव्हे.

कोणी म्हणेल, मग तपासणीच न केलेली बरी. तेही मला पटत नाही. न तपासता तो घरी गेला असता, तर धाकट्या बहिणींना त्याच्यापासून धोका होता. सांसर्गिक रोगात अज्ञानी राहण्याचा हक्क कोणी सांगू नये. परंतु जे सत्य आपण दुसऱ्यांच्या हितासाठी एखाद्याकडून वसूल करतो, त्याबद्दल त्याचे काही देणे आपल्याकडे लागते, हे मी पार विसरलो होतो.

येथून आठ किलोमीटरवर सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्र्यांची कुटी आहे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयाचे झालेले हे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने जर्जर होऊन १९३९ साली तेथे आले. कुष्ठाचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ सालीच पाहिला होता, आणि तो कृत्रिम माध्यमात आजवर कोणास वाढविता आलेला नाही. म्हणून त्याच्याही निदानात आज डीएनएचे मोल मोठे आहे. पण शास्त्रीबोवांच्या बाबतीत ओळखण्याचे असे राहिलेच काय होते? रोग उघड्या डोळ्यांना दिसत होता आणि खात्रीचे औषध नव्हते. आश्रमात इतर माणसे होती. तेव्हा संसर्गाची भीती पोकळ म्हणता येत नाही. गांधीजींनी त्यांना कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. पुढे १९८०च्या दशकात खात्रीचे बहुविध औषध आले. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आमच्या विवाहविषयक कायद्यांतून निघावयास २०१९ साल उजाडले.

माझ्या विद्यार्थ्याला खोली अखेर दुसऱ्या पेठेत मिळाली. तेथे त्याने काय सांगितले, हे मी विचारले नाही. वर्गात तो शेवटच्या बाकावर, खिडकीला लागून बसू लागला. मी त्याला पुढे येण्यास सांगितले. तो आला, पण बसण्यापूर्वी, पुढची खिडकीही उघडू का, असे त्याने विचारले.