लोहाची भूक

जुलैत अंधेरीतल्या कुठल्याही घरात लादीपाव दोन-तीन दिवस विसरला, की त्यावर राखाडी लव चढते. फेकण्याआधी भिंगातून पाहावी. पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक दांड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही बारीक काळा गोळा. गोळा फुटला की हजारो बीजाणू हवेत. ही रायझोपस नावाची बुरशी. तिच्याच कुळातली रायझोपस अऱ्हायझस माणसाला म्युकरमायकोसिस करते, म्हणजे 2021मध्ये मुंबईभर ज्याला नुसतं ‘म्युकर’ म्हणत होते तो आजार.

असे बीजाणू मातीत, पालापाचोळ्यात, कचऱ्यात सगळीकडे असतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरणारा आणि मुलुंडच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडशेजारी राहणारा, दोघंही ते श्वासाबरोबर ओढतात. बुरशी अशी घरोघरची, आणि आजार मात्र दुर्मीळ. या कोड्याचं उत्तर बुरशीत शोधून मिळत नाही. ते आपल्या रक्तात आहे.

आर्तुरो कासादेव्हाल या शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की सस्तन प्राण्यांचं उष्ण रक्त हेच बुरशीविरुद्धचं मोठं कुंपण. 37 अंशांना बहुतेक बुरश्या तग धरत नाहीत. बेडकाला ही सोय नाही. 2023च्या पावसाळ्यात कर्नाटकात कारकळजवळ एका बेडकाच्या कुशीतून इवलीशी अळंबी उगवलेली दिसली, आणि बेडूक जिवंत होता! आपल्या कुशीत असलं काही उगवत नाही, हे त्या उष्णतेचे उपकार.

रायझोपस अऱ्हायझसला मात्र 37 अंशांचं काही वाटत नाही. तिची अडचण होते लोहापाशी. रक्तात लोह भरपूर, पण मोकळं जवळजवळ नाहीच. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते घट्ट धरून असतं. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झालं, की ही पकड सुटते. बुरशीला पंगत मांडल्यासारखंच. तिची लोहाची भूक किती, याचा एक विलक्षण पुरावा आहे. डायलिसिसच्या काही रुग्णांना अंगात साठलेलं लोह काढून टाकायला डेफेरॉक्सामिन हे औषध देत. त्यांच्यातच म्युकर दिसू लागला. औषधाने पकडलेलं लोह रायझोपस थेट त्याच्याकडूनच उचलत होती.

मग 2021चा एप्रिल-मे आला, कोविडची लाट घेऊन. गोरेगावचं नेस्को, मुलुंडचं जम्बो कोविड सेंटर. ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोनने वाचवलं, हे खरंच. त्या स्टेरॉइडला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. पण एकाची चिठ्ठी व्हॉट्सअॅपवरून सोसायटीभर फिरली, आणि साध्या तापालाही लोक त्याच गोळ्या घेऊ लागले. स्टेरॉइडने साखर चढते, पांढऱ्या पेशी मंदावतात. साखर विषाणूही चढवत होता, आणि आपल्या घरोघरी मधुमेह आधीचाच. मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरची नोंद सक्तीची करायला सांगितलं.

बुरशी नाकातून शिरते, सायनसमध्ये रुजते, तिथून टाळूकडे किंवा डोळ्याच्या खोबणीकडे, पुढे मेंदूकडे. तिचे रुंद, जवळजवळ पडदे नसलेले तंतू रक्तवाहिनीची भिंत भेदतात. आत गुठळी होते, पुढचं मांस उपाशी राहून काळं पडतं.

तिच्यावरचं जुनं औषध अॅम्फोटेरिसिन मिळालं तेही मातीतूनच: व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूकडून. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं आणि पेशीला गळती लागते. आपलं कोलेस्टेरॉल त्याच घडणीचं, त्यामुळे मूत्रपिंडांनाही झळ बसते. त्या मे महिन्यात नातेवाईक चिठ्ठी घेऊन घाटकोपरपासून दादरपर्यंत एकेक मेडिकल पालथं घालत होते. महिनाअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने इंजेक्शन बनवायला घेतलं. सात हजारांच्या जागी किंमत जाहीर झाली 1,200 रुपये.

तरी नुसत्या औषधावर भागत नाही. ते रक्तातून जातं, आणि बुरशीने नेमकं रक्तच अडवलेलं असतं. म्हणून सर्जनला मेलेला भाग खरवडून काढावा लागतो. कधी वरचा जबडा, कधी डोळा. त्या वर्षी जबडा गमावलेल्या कितीतरी जणांना दंतवैद्यांनी टाळूला बसणारी कृत्रिम पट्टी करून दिली. ती बसवल्याशिवाय त्यांना घोटभर चहाही घेता येत नाही. तो नाकातून परत येतो.