पडद्यावरचे दर्शन

देवाच्या दर्शनाला डोळे पुरतात की देहही न्यावा लागतो, हा प्रश्न जुनाच आहे. फोनमुळे त्याला नवी धार आली. आवाज, चित्र, पैसा आणि पत्र यांच्या वाटा पूर्वी वेगळ्या होत्या: टेलिफोनची तार, दूरदर्शनचा मनोरा, बँकेची खिडकी, पोस्टाची मनीऑर्डर. हे सारे अंकांत मांडता येऊ लागले आणि एकाच जाळ्यातून वाहू लागले. इथिएल डी सोला पूल या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ मध्येच या एकवटण्याचे विवेचन केले होते. आता गाभाऱ्यातले थेट दर्शन, पूजेची नोंदणी आणि देणगी एकाच फोनवर उरकते. सोय मोठी, पण जाळे अडले की तिन्ही गोष्टी एकदम अडतात. पूर्वी टेलिफोन बंद पडला म्हणून मनीऑर्डर थांबत नसे.

पंढरपुरात दर्शनाचे प्रकार आधीपासून आहेत. बारीत उभे राहून विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवायचे ते पदस्पर्श दर्शन, थोड्या अंतरावरून घ्यायचे ते मुखदर्शन. गर्दीत तेही जमले नाही, तर वारकरी कळसाला हात जोडतो आणि वारी पोचली असे मानतो. मग पडदा ही याच क्रमातली आणखी एक पायरी का मानू नये? अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी किंवा परदेशातल्या मराठी घरासाठी ती खरोखरच पायरी आहे. देव्हाऱ्यातली छापील तसबीर चालते, तर हलते चित्र वर्ज्य ठरवायला आधार सापडत नाही. तरी कळसाची गोष्ट वेगळी आहे. तो दिसण्याआधी वाट चालून झालेली असते, वाटेत अनोळखी माणसे एकमेकांच्या पाया पडलेली असतात.

वारकरी दर्शनाला भेट म्हणतात, आणि भेटीला दोघे लागतात. देव अंतर्यामी असल्याने त्याला भक्त दिसायला कॅमेरा नको, हे उत्तर तत्त्वतः बिनतोड आहे. मात्र ते समाजाचा प्रश्न सोडवत नाही. अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांना मंदिराबाहेर ठेवले गेले, त्यांची समाधीही महाद्वारासमोर बाहेरच आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, ते अस्पृश्यांना मंदिरात पाऊल टाकता यावे म्हणून. गाभारा बाहेर पडद्यावर दाखवण्याची सोय तेव्हा असती, तर प्रवेश नाकारणाऱ्यांना ती आयतीच सबब मिळाली असती. पडद्याने देव सर्वांना खुला झाला, या दाव्याकडे म्हणूनच जपून पाहावे लागते.

२०२० मध्ये करोनामुळे पायी वारी रद्द झाली आणि भाविकांसाठी मंदिर बंद राहिले. १ जुलैची आषाढी एकादशी लोकांनी घरी पडद्यावर पाहिली. आदल्या दिवशी आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकारामांच्या पादुका मात्र मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या.