फेस बसू दे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात दूध संस्थेचा हिशेब एका छोट्याशा बोर्डावर चालायचा. रास्पबेरी पाय ३. तळहातावर मावेल एवढा, १ जीबी रॅम आणि साठवणीला मायक्रोएसडी कार्ड. गावातल्याच एका नव्या इंजिनिअर पोरानं तो बसवला होता. लिटर, फॅट, एसएनएफ नोंदवलं की पावती बाहेर.

बसवण्याआधी त्यानं कार्डाचा वेग मोजला होता. 'डीडी' ही आज्ञा देऊन १२८ एमबीची फाइल लिहिली. स्क्रीनवर आकडा आला, सेकंदाला २१० एमबी. एक नोंद म्हणजे जेमतेम शंभर अक्षरं, या वेगानं ती पापणी लवायच्या आत कार्डावर पोचणार, असा त्यानं हिशेब मांडला आणि सचिवांना छातीठोकपणे सांगितलं, "लाइट गेली तरी नोंद जायची नाही."

पावसाळ्यात संध्याकाळची लाइट हमखास जाते. दहा दिवसांचं बिल निघालं आणि एक काकू पावत्यांची चळत घेऊन आल्या. पावत्या वीस, बिलात नोंदी एकोणीस. साडेचार लिटर म्हशीचं दूध कुठंच नव्हतं. काकू भांडल्या नाहीत. ती पावती टेबलावर ठेवून एवढंच म्हणाल्या, "हे दूध मी घातलंय, बाळा."

पोरानं प्रोग्रॅम तीनदा वाचला. कार्ड बदललं. पुढच्या वेळी लाइट गेली आणि आणखी दोन नोंदी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संकलनाच्या वेळेला केंद्रात येऊन बसला. मापाडी तात्या एकेकाचं दूध मापत होते. एका किटलीतलं दूध त्यांनी उंचावरून ओतलं; माप काठोकाठ भरलं. तात्या तसेच थांबून राहिले.

"भरलं की, तात्या."

"फेस हाय तो. बसू दे."

फेस बसला तेव्हा दूध काठापासून दोन बोटं खाली होतं.

पोरगा उठला आणि वहीत गुणाकार करू लागला. या बोर्डाच्या कार्डाला डेटाच्या चार तारा. सेकंदाला ५ कोटी ठोके, ठोक्याला प्रत्येक तारेवरून एक बिट. म्हणजे २० कोटी बिट, म्हणजेच २५ एमबी. जिथून २५ च्या वर काही जाऊच शकत नाही, तिथून २१० गेले कसे? हा गुणाकार दोन मिनिटांचा. वेग मोजणाऱ्यानं तो आधी करावा आणि मगच स्क्रीनकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

२१० हा रॅमचा वेग होता. बोर्डावरची लिनक्स ही कार्यप्रणाली आलेला मजकूर लगेच कार्डाकडे धाडत नाही. ती तो रॅममध्ये ठेवते, प्रोग्रॅमला 'लिहिलं' म्हणून कळवते आणि सवडीनं कार्डावर उतरवते. नेहमीच्या मांडणीत तीसेक सेकंद तो तसाच पडून राहू शकतो. यात लबाडी नाही. त्यामुळे प्रोग्रॅमचा खोळंबा वाचतो, कार्डाची झीजही कमी होते. पण डीडीचं घड्याळ मजकूर रॅममध्ये पोचल्यावरच थांबलं होतं, आणि वीज गेली की रॅम कोरी होते. काकूंची पावती छापली गेली तेव्हा त्यांचं दूध अजून फेसातच होतं.

त्यानं तीच आज्ञा पुन्हा दिली, या वेळी 'एफडेटासिंक' जोडून, म्हणजे मजकूर कार्डावर उतरेपर्यंत घड्याळ थांबू नये. आकडा आला ११. वाचनाचंही तेच. पहिल्यांदा २२, आणि तीच फाइल लगेच पुन्हा वाचली तर काही शे, कारण दुसऱ्यांदा ती रॅममधूनच येत होती. मग प्रत्येक वाचनाआधी त्यानं रॅममधली ही साठवण, म्हणजे कॅशे, रिकामी केली.

तरी खरी परीक्षा पुढंच होती. केंद्रात कोणी १२८ एमबी एका दमात लिहीत नाही. तिथं इवल्या इवल्या नोंदी एकामागून एक येतात. त्यानं 'फिओ' हे वेग मोजायचं साधन घेऊन ४ केबीचे तुकडे लिहून पाहिले, प्रत्येक तुकडा कार्डावर टेकवून मगच पुढचा. वेग १ एमबीलाही पोचेना. फ्लॅश मेमरीत जुन्यावर नवं गिरवता येत नाही. नवं कोऱ्या पानावर लिहावं लागतं आणि पुसायचं तर अख्खा ठोकळाच पुसावा लागतो. म्हणूनच ए१ खुणेच्या कार्डाची हमी नुसती एमबीत नसते, सेकंदाला किमान ५०० विखुरलेली लेखनं अशीही असते. दूध केंद्राला हाच आकडा बघायला हवा. पाकिटावर ठळक छापलेला १०० हा बहुतेक वेळा वाचनाचा वेग असतो.

त्यानं प्रोग्रॅममधला क्रम बदलला. आधी नोंद, मग ती कार्डावर उतरवायला लावणारा 'एफसिंक', आणि कार्डानं होकार दिल्यावर पावती. पावतीला पूर्वीपेक्षा क्षणभर जास्त लागतो. काकूंचे साडेचार लिटर पुढच्या बिलात जमा झाले.