वाढत्या मुलाचा झगा

कॅनडात बर्फावरील हॉकी हा केवळ करमणुकीचा खेळ नव्हे. पुष्कळ घरांत तो मुलाच्या भवितव्याचा मार्ग समजला जातो. तेथील तीन प्रमुख ज्युनियर लीगमध्ये बहुतेक खेळाडू १६ ते २० वर्षांचे असतात; संघ त्यांना त्याही आधी हेरून ठेवतात. मग कित्येक मुले घर सोडून दूरच्या गावी परक्या कुटुंबात राहतात, तेथेच शाळेत जातात आणि हिवाळाभर बसने गावोगाव सामने खेळत फिरतात. पुढे व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगचे ३२ संघ सात फेऱ्यांत वर्षाला सुमारे २२४ तरुण निवडतात. त्यांतल्याही पुष्कळांना तेथे एकही सामना खेळावयास मिळत नाही.

यात गैर काय, असे कोणी विचारील. कौशल्य हे देवाचे दान आहे. ते जमिनीत पुरून ठेवणारा चाकर धन्याला आवडला नाही. शिवाय मुलालाच खेळायचे असते. हे आम्हांस मान्य आहे. पण १५ वर्षांच्या मुलाची इच्छा खरी असली, तरी तिच्यासाठी काय मोजावे लागेल हे त्याला उमगत नाही. तो हिशेब वडील माणसांनी ठेवायचा असतो.

काही हिशेब तेथे ठेवला जातो. खेळलेल्या हंगामांच्या प्रमाणात पुढील शिक्षणाची फी देण्याची योजना आहे, आणि २०२५ पासून या मुलांना अमेरिकन महाविद्यालयांच्या संघांची दारेही उघडली आहेत. पण फीने सगळे भागत नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेल्या शेल्डन केनेडी यांनी धैर्याने तोंड उघडले, तेव्हा १९९७ साली त्यांच्या ज्युनियर संघाच्या माजी प्रशिक्षकाला मुलांच्या लैंगिक छळाबद्दल तुरुंगवास झाला. ज्याच्या हाती मुलाच्या भवितव्याची किल्ली असते, त्याला प्रश्न विचारण्यास घरची माणसेही कचरतात.

हन्नेने शमुवेलाला शिलो येथे एलीच्या हाती सोपविले. स्थान पवित्र होते, तरी एलीचे पुत्र दुराचारी होते. हन्ना मात्र दरवर्षी मुलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. झगा शिवायचा तर मूल किती वाढले याचा अंदाज हवा. आणि तो अंगावर घालताना मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणे आलेच. तिने मुलाला देवाला वाहिले, पण त्याची विचारपूस सोडली नाही.

आमच्या मंडळ्यांतील मुलेही शिकवणी-वर्गांसाठी, खेळासाठी वसतिगृहांत जातात. आम्ही त्यांना गुण विचारतो, निकाल विचारतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, सुटीत ती घरी आली म्हणजे एवढेच विचारू या: तुला तेथे भीती वाटते का? आणि निवड झाली नाही, तरी तू आमचाच आहेस, हे त्याला ठाऊक आहे का? हा दुसरा प्रश्न प्रथम आपण स्वतःलाच विचारला पाहिजे.